पैलवान, लोक तमाशा म्हणोत

अमळनेर,
रविवार, रात्री

प्रिय पैलवान,

परवा तुझा फोन ठेवला आणि मग झोप लागेना. तू सरळ विचारलंस, "बायकांसाठी कॅमेऱ्यापुढे व्यायामाचा कार्यक्रम काढायचा म्हणतोय मास्तर, करू का नको?" आणि मी आपला "बघू, बोलू सावकाश" म्हणून मोकळा झालो. बोरीकाठच्या आखाड्यात एका लंगोटीच्या वयापासून सोबत माती खाल्लेल्या माणसाला असं उत्तर द्यायचं नसतं. म्हणून हे पत्र. फोनवर तू मधेच तोडतोस, इथे तुला ऐकावं लागेल.

कर. बेलाशक कर.

तात्या काय बोलले ते माझ्या कानावर आलंय. "बारा वर्षं मुंबईत मोठमोठ्या नटांची शरीरं घडवली, आता कॅमेऱ्यापुढे बायाबापड्यांसंगे नाचणार?" त्यांचा राग खोटा नाही रे. नारळाच्या कुस्तीपर्यंत पोचलेला माणूस तो, त्यांच्या लेखी व्यायाम म्हणजे तालीम, लाल माती आणि गप्प राहून मारलेले हजार जोर. पण त्या तालमीत तुझी आई कधी गेली नाही. माझीही नाही. कपाशी वेचून दोघींच्या कमरा गेल्या, गुडघे गेले, आणि आपण दोघं इकडे दंड फुगवत होतो. हे मला आता फार खुपतं.

मी अमरावतीला बी. पी. एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करत होतो तेव्हा जॅक लालेन या टीव्हीवरून व्यायाम शिकवणाऱ्या अमेरिकन माणसाबद्दल पहिल्यांदा वाचलं. तो जन्मला १९१४ साली, आणि वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं तेही १९१४ सालीच. १९३६ साली मंडळाची पोरं बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये जगाला कबड्डी दाखवून आली, त्याच वर्षी लालेननं ओकलंड शहरात आपली व्यायामशाळा उघडली. हा योगायोग मला तेव्हापासून इतका आवडतो की दर वर्षी नववीच्या पोरांना सांगतो.

हा लालेन लहानपणी गोड खाऊन खाऊन आजारी असायचा. पंधराव्या वर्षी आईसोबत आहारावरचं एक व्याख्यान ऐकून आला आणि पार पालटला. व्यायामशाळा काढली तर डॉक्टरच लोकांना घाबरवायचे, वजनं उचलाल तर हृदय बंद पडेल म्हणून. त्यानं बायकांना वजनं उचलायला लावली, म्हाताऱ्यांना लावली. मग पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या टीव्हीवर सकाळची पंधरा मिनिटांची वेळ पदरचे पैसे मोजून विकत घेतली. व्यायामशाळेची जाहिरात व्हावी हा हिशेब होताच, त्यात लपवायचं काय? पण समोर कोण बसलंय हे त्यानं ओळखलं. घरात अडकलेली बाई. तिच्याकडे डंबेल नाही, पण खुर्ची आहे. मग खुर्ची धरून व्यायाम. आणि पोरं टीव्हीपुढे यावीत, त्यांनी आईला हाक मारावी, म्हणून सोबत पांढरा कुत्रा! १९५९ साली तो कार्यक्रम देशभर दिसू लागला आणि १९८५ पर्यंत चालला. त्या बळावर त्यानं व्यायामशाळा वाढवल्या, म्हातारपणी रस काढायचं यंत्रही विकलं.

करामतीही केल्या. साठाव्या वर्षी हातात बेड्या, पायात साखळ्या, मागे सुमारे साडेचारशे किलोची नाव ओढत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या आल्काट्राझ बेटापासून किनाऱ्यापर्यंत पोहला. सत्तरीला सत्तर नावा ओढल्या, त्यांत सत्तर माणसं. तात्यांना हे सांग. हाही तमाशाच होता, पण त्या तमाशाआड रोजचा दोन तासांचा घाम होता. २०११ साली गेला तो ९६ वर्षांचा होऊन.

तुझ्याशी जास्त जुळतो तो मात्र दुसरा, रिचर्ड सिमन्स. तुला आठवतं, सहावीत तुला सगळे "भोपळा" म्हणायचे? पैलवान तू नंतर झालास. सिमन्स न्यू ऑर्लिन्सचा, १९४८ चा जन्म, शाळा संपेपर्यंत वजन १२० किलोच्या वर. उपाशी राहून उतरवलं तर जिवावर बेतलं, केस गळाले. मग कॅलिफोर्नियात आला तर तिथल्या व्यायामशाळा ज्यांचं शरीर आधीच सुंदर आहे त्यांच्यासाठी. जाड माणसानं जायचं कुठे? म्हणून १९७४ साली बेव्हर्ली हिल्समध्ये त्यानं स्वतःची जागा काढली. तिचं नाव पुढे स्लिमन्स पडलं. चमकती चड्डी, कुरळे केस, जुन्या गाण्यांवर नाच, आणि मागे नाचणारी माणसं खरीखुरी, पोट सुटलेली. १९८० ते ८४ त्याचा स्वतःचा टीव्ही कार्यक्रम होता, १९८८ पासून त्याच्या नाचाच्या व्हिडिओ कॅसेटी घराघरांत गेल्या. लोक त्याला हसायचे, टीव्हीवर त्याची नक्कल व्हायची. आणि तो रात्री बसून अनोळखी जाड माणसांना फोन करायचा, रडणाऱ्याचं ऐकून घ्यायचा. नटनट्यांच्या गल्लीत व्यायामशाळा असूनही त्याचं गिऱ्हाईक शेवटपर्यंत साधं माणूस राहिलं. पैलवान, हा माणूस मला फार मोठा वाटतो.

आता धंद्याचं. पहाटे पाचला कुणाच्या घरी, सातला दुसऱ्याच्या, रात्री नऊला लोकलमध्ये. हिरो शूटिंगला परदेशी गेला की महिनाभर तुझा खिसा रिकामा. तुझे तास विकून तू किती विकशील? आपल्या गावानं हे बघितलंय. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचंच पुढे विप्रो झालं. ज्यांनी पगारच घेतला त्यांचा पगार संपला, ज्यांनी शेअर जपले त्यांची पुढची पिढी सावरली. तुझंही काहीतरी तुझ्या नावावर असू दे.

एक मात्र बजावतो. प्रोटीन पावडरच्या डब्यांवर तुझा फोटो छापू नकोस. ती विकणारा माणूस पैसे भरपूर देतोय, कबूल. माझ्या शाळेतला दहावीतला पोरगा कुठून तरी तसला डबा आणून खात होता, घरात बापाची मजुरी आणि डबा अडीच हजारांचा. मी त्याला दाळ, शेंगदाणे आणि केळी दाखवली. अरे, रावेर-यावलच्या केळीवर अख्खा देश जगतो आणि आपली पोरं डबे खातात! विकायचंच तर रबरी पट्टा वीक. लालेननंही विकला होता. जे तुझ्या बहिणीला देशील तेच वीक.

आणि बोल अहिराणीत. मुंबईची मिसळलेली भाषा तिथेच ठेव. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, झोक्यावरच्या गाण्यांना बायकांचे पाय आपोआप हलतात, त्यांना वेगळा नाच शिकवायला नको. तू फक्त म्हण, "चाल वं माय, हात वर कर." चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीनं २०१४, १५, १६ अशी सलग तीनदा महाराष्ट्र केसरी मारली तेव्हा आपल्या खान्देशची पोरं आखाड्याकडे वळली. आयांना आखाड्याकडे कोण वळवणार?

थकशील, हेही लिहून ठेवतो. सिमन्स २०१४ नंतर लोकांत दिसेनासा झाला, २०१६ साली स्लिमन्स बंद झालं, २०२४ च्या जुलैत शहात्तरावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. घरात शांत राहायचंय इतकंच त्याचं म्हणणं होतं, तरी लोक दार ठोठावत राहिले. हजारो लोक तुला आपलं दुःख सांगतील. रविवारी फोन बंद ठेवत जा आणि तो दिवस वहिनी-पोरांना दे.

आखाजीला येतोयस ना? मी शाळेच्या हेडमास्तरांशी बोललोय, सुट्टीत सभागृह सकाळी सहा ते सात मोकळं मिळेल. पहिला भाग तिथेच काढू. कॅमेरा तुझा भाचा धरेल. तात्यांना मी घेऊन येतो, मागे बसून शिव्या देतील, देऊ दे.

गल्लीतल्या अकरा बायका तयार आहेत. आईला सांगितलं तर म्हणाली, जमिनीवर बसून उठता येत नाही मला. मी म्हटलं, खुर्चीवर बसूनच करायचंय. तेव्हापासून दोनदा विचारून झालं, खुर्ची शाळेत मिळेल का घरून न्यायची?

तुझाच,
मास्तर