जर्नल पूर्ण, हात कोरे

महोदय,
केंद्राने २०२१ मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना जाहीर केली, गुजरातेत धोलेरा-साणंदला प्रकल्पही आले. उत्तमच. पण त्यासाठी लागणारे इंजिनीअर कसे घडतात, ते मी घरातच पाहतो आहे. मुलगी इंजिनीअरिंगच्या ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) शाखेत तिसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत एका सीआरओभोवती (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणारे उपकरण) सहा जण. दोघे नॉब फिरवतात, बाकीचे रीडिंग उतरवून घेतात. सबमिशनच्या आठवड्यात जर्नल एकमेकांची बघून पूर्ण होतात, अगदी आलेखासकट!

गेल्या महिन्यात तिला ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पट्टी) आणि ५५५ टायमर आयसी (ठरावीक वेळाने सिग्नल देणारी चिप) आणून दिली. एलईडी लुकलुकायला दोन संध्याकाळी गेल्या. आयसीची रीसेटची चार नंबरची पिन मोकळी राहिली होती. (मी हौसेने रेडिओ दुरुस्त करणारा, पण मुद्दाम गप्प बसलो.) ती पिन जोडावी लागते, हे पुस्तकात तिने वाचलेले होतेच.

विद्यापीठाने प्रात्यक्षिकाचे गुण जर्नलवर देणे थांबवावे. बिघडवलेले सर्किट समोर ठेवावे आणि दुरुस्त करायला सांगावे. सीआरओ महाग असेल. आयसी, रेझिस्टर आणि सोल्डरिंग गनला कितीसा खर्च येतो?

– एक पालक, नाशिक