आमच्या सहीने आत आलेला ठेका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा मुदतीच्या नोकरीवर असलेल्याला आता एका वर्षात ग्रॅच्युइटी मिळणार, ही बातमी सगळ्याच पेपरांत ठळक आली. आपल्याही अंकात होती. मी ती घरात मोठ्याने वाचून दाखवली. पुतण्या सेकंड शिफ्टला निघाला होता, उंबऱ्यात बसून बूट घालत होता. नाडी बांधता बांधता म्हणाला, "तात्या, वर्ष भरू दिलं तर ना."

पुतण्या ३१ वर्षांचा आहे. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला आहे. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडेचं जादा लोखंड ग्राइंडरने घासून काढायचं, हे फेटलिंग. सहा वर्षं तो हेच करतोय, त्याच शेडमध्ये, बहुतेक त्याच ग्राइंडरवर. कागदावर मात्र या सहा वर्षांत त्याने चार ठेकेदारांकडे नोकरी केली. दर सात महिन्यांनी ब्रेक लागतो. २४० दिवस भरले की कायम होण्याचा हक्क सांगता येतो, म्हणून ते भरू द्यायचे नाहीत, हे एमआयडीसीत चहा घेऊन फिरणाऱ्या पोरालाही पाठ असतं. पंधरा-वीस दिवस घरी बसायचं, मग पुन्हा फॉर्म, पुन्हा फोटो, नवा गेटपास. ठेकेदार बदलला की माणूस नवा. पीएफच्या पासबुकात चार नोंदी झाल्यात, त्यातल्या दोन ठिकाणी आडनावाचं स्पेलिंग वेगळं. बहिणीच्या लग्नाला पैसे काढायला गेला ते अडकले, अजून अडकलेत. लग्न होऊन तिला मुलगी झाली.

त्याच फाउंड्रीत मी ३२ वर्षं मेंटेनन्सला फिटर होतो. कायम. त्यातली ११ वर्षं युनियनच्या कमिटीवर. आणि ज्या कराराने ठेका गेटच्या आत आला, त्या करारावर माझी सही आहे.

२००४ सालची गोष्ट. आधीचा करार संपून चौदा महिने झाले होते. आम्ही महिना १५०० च्या वाढीवर मिटवायला तयार होतो आणि साहेबांनी आपणहून १८०० म्हटलं. आमच्यातला एकजण टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होता, 'गप बस, बोलू नको' म्हणून. मग एक कागद पुढे आला. फेटलिंग, पॅकिंग आणि मालाची ने-आण ही कामं कंपनी गरजेप्रमाणे बाहेरच्यांकडून करून घेईल, युनियनची त्याला हरकत राहणार नाही. साडेतीन ओळींचं कलम. एकाही सभासदाची नोकरी जाणार नाही असंही त्यात होतं आणि तो शब्द त्यांनी पाळला. कुणाचीच गेली नाही. फक्त जो रिटायर झाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. फेटलिंगच्या धुळीत जायला आमच्यातलं कुणी राजी नव्हतंच, त्यामुळे कुणाला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. गेटवर पेढे वाटले. तेव्हा आम्ही २१८ कायम होतो. मी निवृत्त झालो तेव्हा ८७ उरले होते आणि सकाळी गेटमधून चारशेच्या वर माणसं आत जात होती. आमचे पास निळे, त्यांचे पिवळे. कायमवाले कॅन्टीनमध्ये चार रुपयांच्या कूपनवर जेवायचे, पिवळे पासवाले शेडमागे पत्र्याच्या सावलीत डबे सोडायचे. मी त्यांच्या समोरून हात धुवायला जायचो. बसलो कधीच नाही.

आम्हाला कुणी शहाणपण शिकवलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. १९९८ साली कोल्हापूरला युनियनचं शिबिर होतं. तिथे एका वक्त्याने अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल कंपनीचा संप सांगितला होता. ऑगस्ट १९९७, १ लाख ८५ हजार कामगार, पंधरा दिवस काम बंद. टीमस्टर्स नावाची त्यांची युनियन. गाडी घेऊन घरोघर पार्सल देणारे ड्रायव्हर पूर्णवेळ आणि चांगल्या पगाराचे, पण रात्री पार्सलं चढवणारे-उतरवणारे बहुतेक सगळे अर्धवेळ, निम्म्याच्या आसपास पगारावर. संपात ड्रायव्हर पुढे उभे राहिले. त्यांना स्वतःसाठी वाढ घेऊन मिटवता आलं असतं. ते अर्धवेळवाल्यांसाठी अडून बसले आणि अर्धवेळ कामं एकत्र करून १० हजार पूर्णवेळ जागा करायचं कंपनीकडून लिहून घेतलं. मी हे वहीत उतरवून घेतलं होतं, खाली दोन रेघा मारून. वही अजून माळ्यावर आहे. सहा वर्षांनी नेमकी उलटी सही केली.

एक गोष्ट त्या वेळी आमच्या साहेबांना ठाऊक होती, आम्हाला नीट कळलेली नव्हती. ऑगस्ट २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाचा स्टील अथॉरिटीचा निकाल आला होता. एखाद्या कामातला ठेका सरकारने बंद केला, तरी ठेकेदाराकडचा माणूस आपोआप मूळ कंपनीचा कायम कामगार होत नाही, असा. ठेका नुसता कागदोपत्री आहे हे ज्याचं त्याने सिद्ध करत बसायचं. कोर्टाची वाट त्या दिवसापासून लांबली. आता नव्या संहितेत तर ठेकेदाराकडे पन्नासच्या खाली माणसं असतील तर त्या ठेकेदाराला ठेका कामगारांचा तो भागच लागू होत नाही. कुपवाडमधल्या कितीतरी ठेकेदारांकडे तीस-चाळीसच पोरं असतात. राहिली ती युनियन. आणि युनियनच्या दारावर आम्ही 'फक्त कायम' अशी पाटी लावून बसलेलो.

निवृत्तीनंतर मोबाइलवर वाचत बसायची सवय लागली. कोरियातल्या उल्सानला ह्युंदाईचा मोठा कारखाना आहे. तिथे ऑक्टोबर २०१२ मध्ये दोन कामगार हायटेन्शन लाइनच्या टॉवरवर चढले. कंपनीच्या आत लाइनवर राबणारे, पण कागदोपत्री उपठेकेदाराचे. त्यातल्या एकाला तर सुप्रीम कोर्टाने आधीच कंपनीचा कामगार ठरवलं होतं. आपल्याकडे मागणीसाठी पाण्याच्या टाकीवर चढतात, संध्याकाळपर्यंत तहसीलदार येतात आणि लोक उतरतात. हे दोघे २९६ दिवस वर होते. थंडी, पाऊस सगळं तिथेच काढलं. ऑगस्ट २०१३ मध्ये उतरले. त्याच देशात २०१७ साली किया मोटर्समधल्या कायम कामगारांनी मतदान घेऊन ठेक्यावरच्या कामगारांना आपल्या युनियनमधून वेगळं काढलं. हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. आम्हाला मतदानाचीसुद्धा गरज पडली नव्हती.

इतरत्र मात्र हे चाक उलटं फिरवलंय. दक्षिण आफ्रिकेत नुम्सा ही धातू कामगारांची युनियन कोर्टात लढली आणि जुलै २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला, की कमी पगाराचा ठेक्यावरचा माणूस एकाच ठिकाणी तीन महिन्यांपेक्षा जास्त राबला, तर काही अपवाद सोडून त्याचा मालक तीच कंपनी, ठेकेदार नव्हे. तीन महिने! आमच्याकडे तेवढ्यात नुसता सेफ्टी शूज मिळतो.

स्पेनचं तर मला फारच जवळचं वाटलं. तिथे चारातला एक कामगार हंगामी करारावर होता. दोन मोठ्या युनियन आणि मालकांची संघटना सरकारबरोबर बसली आणि २०२१ च्या अखेरीस नवा कायदा ठरला. नोकरी म्हणजे कायमच, हंगामी ठेवायचा तर कारण द्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये संसदेत तो १७५ विरुद्ध १७४ मतांनी पास झाला, तोही विरोधी पक्षाच्या एका खासदाराने ऑनलाइन मतदानात चुकीचं बटण दाबलं म्हणून. हंगामींचं प्रमाण त्यानंतर सहातला एक इतकं खाली आलं. हॉटेल, फळतोडणी अशा सीझनच्या कामांना त्यांनी वेगळा करार रुजवला: वर्षभर काम नाही, पण पुढच्या सीझनला पहिली हाक यालाच, आणि नोकरी कायम. हे वाचून मला हसू आलं. साखर कारखान्यातला 'हंगामी कायम' कामगार म्हणजे दुसरं काय? गाळप संपलं की घरी, बंद काळात रिटेन्शन भत्ता, बॉयलर पेटायच्या वेळी पुन्हा कामावर. सांगली जिल्ह्यात शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट आहे ही.

आणि त्याहून जुनी गोष्ट आमच्या घरातली. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते. हळदीची पोती. घरी यायचे तेव्हा मानेपासून कमरेपर्यंत पिवळे, आई म्हणायची रोजच लग्न लागल्यासारखं दिसतंय. आधी वाराई, म्हणजे पोती चढवण्या-उतरवण्याची मजुरी, ज्या त्या व्यापाऱ्याच्या मर्जीवर. काम झालं की हातात काय पडेल ते. मग माथाडी बोर्ड आलं. १९६९ चा माथाडी कायदा, ज्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या गोद्यांत हमालांना एकत्र केलं. ते शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. या कायद्याची करामत साधी आहे. हमाल आज या अडत्याकडे, उद्या त्या गोदामात. मालक एक नाहीच. म्हणून मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवर ठरलेली जादा रक्कम, व्यापाऱ्याने बोर्डात भरायची, आणि बोर्डाने हमालाला पगार, बोनस, फंड, रजेचे पैसे द्यायचे. काम फिरतं राहिलं, माणूस स्थिर झाला. माझं आयटीआय त्या पैशांत झालं. माथाडीच्या नावाने पुढे खंडणीचे धंदेही झाले, ते मी नाकारत नाही. पण राजस्थानने २०२३ साली घरपोच जेवण पोचवणाऱ्या पोरांसारख्या ॲपवरच्या कामगारांसाठी कायदा केला, त्यातही बोर्ड आणि लेव्ही हीच जोडी आहे.

मालकांची बाजू मला माहीत नाही असं नाही. कास्टिंग घेणाऱ्या कंपन्यांचं शेड्यूल पुण्याहून बुधवारी येतं आणि शुक्रवारी बदलतं. कधी तीन शिफ्ट, कधी मोल्डिंग लाइन आठवडाभर बंद. कुपवाडचा छोटा कारखानदार वरच्या कंपन्यांपुढे तसाच उभा असतो, जसा पुतण्या ठेकेदारापुढे. काम कमी-जास्त होणारच. पण ते मार्केट यार्डात होत नव्हतं? पाऊस लांबला की हळद लांबायची, वडील चार-चार दिवस रिकामे बसायचे. तरी त्यांचा नंबर बोर्डाच्या रजिस्टरात एकच राहिला, शेवटपर्यंत. दर सात महिन्यांनी त्यांना नवा हमाल कुणी केलं नाही. अडाणी हमालाचा पोरगा कायम झाला आणि कायमवाल्याच्या घरातला आयटीआय झालेला पोरगा पिवळ्या पासावर आला, ही उलटी शिडी मालकांनी एकट्याने लावलेली नाही. खालून ती धरून आम्ही उभे होतो.

म्हणून माझं म्हणणं कुपवाड, मिरज, पलूस इथल्या युनियनांना आहे, सरकारला नाही. सरकारला सांगणारे पुष्कळ आहेत. पुढच्या मागणीपत्रात वाढीचा आकडा दुसऱ्या पानावर टाका. पहिल्या पानावर ब्रेक बंद करा, ठेकेदार बदलला तरी आधीचे दिवस धरा आणि त्याच कामाला तोच दर द्या, हे लिहा. युनियनच्या घटनेत दुरुस्ती करून पिवळ्या पासवाल्यांच्या सभासदत्वाच्या पावत्या फाडा. त्यांच्याशिवाय आता संप करून तरी काय होणार आहे? ८७ जण बाहेर बसले तरी भट्टी चालूच राहील.

आमच्या जुन्या युनियनचा करार मार्चमध्ये संपतोय. मागणीपत्र ठरवायला येत्या रविवारी मीटिंग आहे. मला आता मतदानाचा हक्क नाही, पण जाणार आहे. सेक्रेटरीला फोन केला होता. पोरगा चांगला आहे, माझ्याच हाताखाली शिकलेला. म्हणाला, "तात्या, तुमचं बरोबर आहे, पण हा विषय अजेंड्यावर नाही. आणि आमचे लोक विचारतील, आमच्या वाढीचं काय?" मी म्हटलं, २००४ ला आम्हीही तेच विचारलं होतं. ऐनवेळच्या विषयांत घे.

पुतण्याचा ब्रेक नऊ तारखेपासून लागतोय.

आपला,
एक निवृत्त फिटर, मिरज
(नाव छापू नये ही विनंती. घरातला पोरगा अजून त्याच गेटमधून आत जातो.)