मथळ्यांतील ‘साहेब’, ‘ताई’ आणि ‘भाऊ’

संपादक महोदय,

राजकीय नेत्यांचा उल्लेख मथळ्यांत कसा करावा, याविषयी आपल्या दैनिकाचे, किंबहुना बहुतेक मराठी दैनिकांचे, निश्चित धोरण दिसत नाही. एकाच पानावर एका नेत्याचे आडनाव, दुसऱ्याचे केवळ पहिले नाव आणि तिसऱ्याला ‘साहेब’ असे उल्लेख आढळतात. कार्यकर्त्यांनी फलकांवर आपल्या नेत्याला कोणत्याही नात्याने हाक मारावी. परंतु तीच हाक अवतरणचिन्हांशिवाय मथळ्यात उतरते, तेव्हा वार्ताहरही त्याच सभामंडपात सतरंज्या अंथरत होता की काय, अशी शंका येते. फडणवीस यांचे ‘देवाभाऊ’ हे संबोधन पक्षाच्या प्रचारातून घरोघरी पोहोचले, म्हणून ते बातमीची भाषा ठरत नाही.

याला अपवाद आहेत, हे मान्य. ‘वसंतदादा’ हे आता संबोधन उरलेले नसून नावच झाले आहे. पुण्याजवळच्या मांजरी येथील साखर संस्थेलाही तेच नाव आहे.

केवळ आडनावाने भागत नाही, हा आक्षेपही रास्त आहे. यशवंतराव, शंकरराव, अशोक आणि पृथ्वीराज असे चार चव्हाण महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पवार आणि ठाकरे यांच्या बाबतीत तर एकाच घरातले नेते परस्परविरोधी पक्षांत विभागले गेले, आणि पाटलांची मोजदाद कोण करणार? तेथे पहिले नाव हवेच. मात्र हा नियम स्त्री-पुरुषांना सारखाच लागू व्हावा. नरेंद्र मोदी मथळ्यात ‘मोदी’ असतात, ममता बॅनर्जी मात्र ‘ममता’. धनंजय ‘मुंडे’ आणि पंकजा नुसत्या ‘पंकजा’ किंवा ‘पंकजाताई’, हा भेद जागेच्या अभावाने घडत नाही, कारण ‘पंकजाताई’ हा शब्द ‘मुंडे’पेक्षा लांबच आहे.

आदर दाखवायला मराठीला वेगळ्या उपाधीची गरजही नाही. ‘पवारांचा’, ‘फडणवीसांनी’ या रूपांतच आदरार्थी बहुवचन आहे. त्यावर पुन्हा ‘मा.’ किंवा ‘ना.’ चढवणे हे निमंत्रणपत्रिकेला शोभते. प्रत्यक्ष राष्ट्रपतिपदासाठी वापरले जाणारे ‘महामहिम’ हे संबोधन प्रणव मुखर्जी यांच्या कार्यकाळात, २०१२ मध्ये, देशांतर्गत कार्यक्रमांतून वगळण्यात आले. मग आपल्या जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांना ‘नामदार’ म्हटल्यावाचून बातमी का अडावी?

तेव्हा पहिल्या उल्लेखात पद आणि पूर्ण नाव, मथळ्यात आडनाव, आणि घोटाळा होत असेल तेथे पूर्ण नाव, एवढा नियम आपण ठरवावा व तो जिल्हा आवृत्त्यांनाही कळवावा, ही विनंती. नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या जाहिरात विभागाच्या असतात, त्यांना यातून वगळले तरी हरकत नाही.

आपला,
एक वाचक, सातारा