बाबांचा घोटा आणि आईचा गुडघा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा म्हणाले की घोटा ‘जरासा मुरगळला आहे’, आणि मागून आईने सांगितले की तिच्या गुडघ्यालाही त्याच बाटलीतले तेल चोळणे चालू आहे. फोनवर तुम्ही दोघे मला वाक्य पुरे करू देत नाही, म्हणून हे लिहून पाठवत आहे. दोन्ही दुखणी पायाचीच असली तरी त्यांचे मूळ वेगळे आहे, आणि उपायही वेगळेच करावे लागतील.

बाबा, चर्नी रोड स्थानकाबाहेर खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर तुमचे पाऊल आत वळले, तेव्हा सगळा ताण घोट्याच्या बाहेरच्या अंगावर आला. तेथे हाडाला हाड बांधून ठेवणारे लिगामेंटचे पट्टे असतात आणि अशा वेळी त्यांतला पुढचा पट्टा बहुधा सर्वांत आधी ताणला किंवा फाटला जातो. दोन-तीन दिवसांनी निळेपणा बोटांकडे उतरलेला दिसला तर घाबरू नका. आत साचलेले रक्त खाली सरकते, एवढेच. सुरुवातीचे हे दोन-तीन दिवस चोळणे आणि शेकणे दोन्ही बंद ठेवा, कारण त्याने सूज वाढते. बर्फ फडक्यात गुंडाळून एका वेळी १५-२० मिनिटे ठेवावा, क्रेप बँडेज बोटांकडून पोटरीकडे गुंडाळत न्यावे आणि बसताना पाय उशीवर घ्यावा. बोटे थंड किंवा बधिर वाटली तर बँडेज लगेच सैल करा.

हाड मोडले आहे का, हे सुजेवरून ठरत नाही. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी एक साधी कसोटी मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यावर हाड दुखले, अथवा मार लागताच आणि नंतर तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जे हाड लागते, तेही दाबून पाहतात. लंगडत टाकलेली पावलेसुद्धा चालतात, त्यामुळे जिना उतरून पेपर आणल्याचे गुण तुम्हाला मिळतील. परंतु हाड दाबून पाहण्याचे काम आईचे नव्हे, डॉक्टरांचे आहे, आणि तुमच्या वयाला एक्स-रेची कुचराई नको. हाड शाबूत निघाले तर मात्र आठवडाभर पलंग धरून बसू नका. मुरगळलेल्या घोट्याची तोल सांभाळण्याची जाण मंदावते आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. म्हणून दुखणे उतरले की स्वयंपाकघराचा ओटा धरून एका पायावर उभे राहण्याचा सराव करा.

आई, तुझे दुखणे पडल्याचे नाही. गुडघ्यात चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. वयाबरोबर त्या विरतात आणि विळीवरून उठताना गुडघ्याला पीळ बसला एवढ्यानेही चिरतात. शेजारच्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाच्या ऑपरेशनशी तू स्वतःची तुलना करतेस, पण त्याचे लिगामेंट मैदानावर तुटले होते, ‘टक’ असा आवाज आला होता आणि काही तासांत गुडघा टम्म सुजला होता. तुझ्या एमआरआयच्या अहवालात गादी फाटल्याचे लिहिले आहे, हे खरे. पण काहीही न दुखणाऱ्या अनेक वयस्कांच्या एमआरआयमध्येही तेच दिसते. फिनलंडमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा झिजेने फाटलेल्या गादीवरची दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि दुर्बिणीने नुसते आत पाहून गादीला हात न लावता केलेली लटकी शस्त्रक्रिया यांची तुलना केली, तेव्हा वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम पडलेला होता. म्हणून ऑपरेशनची घाई नको, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हवा. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, थोडा वेळ तसाच धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. गुडघा मध्येच अडकून सरळच होईनासा झाला, तर मात्र लगेच दाखवायचे. उद्या कधी पडलीस आणि गुडघ्यावर मार बसला, तर पंचावन्नच्या पुढे एक्स-रे काढून घेणेच योग्य.

आपल्या चाळीचा जिना हीच खरी अडचण आहे, कारण उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो. दोघांनीही चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी टाकावा, आणि काठी घेतलीच तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. काठीला बाबांचा विरोध मला ठाऊक आहे. निदान जिन्याचा कठडा तरी सोडू नये.

बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. सांधा लाल व गरम होऊन ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ते मुरगळणे समजून घरी थांबू नये. एक्स-रे काढल्यावर त्याच्या अहवालाचा फोटो पाठवा, आणि आईचे औषधांचे वेळापत्रकही सोबत जोडा.

तुमची लेक