अमावास्येची ओहोटी

कोथरूड, पुणे
बलिप्रतिपदा

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीच कसलं काम?" मागे मशीन चालू होतं, नीट सांगता आलं नाही. आज रिपोर्ट द्यायला पुण्याला आलेय, पहाटे परत बंदरावर.

अमावास्येला उधाण असतं. पाणी जितकं चढतं तितकंच खाली उतरतं, आणि मुंबईच्या बाजूला ती खोल ओहोटी नेमकी सहाच्या सुमारास येते, सकाळी आणि संध्याकाळी. जेट्टीच्या पोटाखाली शिरायला तेवढेच दोन-तीन तास मिळतात. काल होडीत उभी राहून हातोडीनं तुळया ठोकत गेले. चांगलं काँक्रीट खणखणतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. एका जागी सळई उघडी पडली होती; बोटानं चोळली तर लाल भुगा हाताला लागला. कायम पाण्यात बुडालेला भाग त्यामानाने बरा राहतो. रोज भिजतं आणि रोज वाळतं, तिथेच खारं पाणी सळई खातं.

जेट्टी बंद ठेवून करा म्हणाल, तर वर जहाज लागलेलं असतं आणि पुढचं बाहेर नांगर टाकून थांबलेलं. शिवाय नुसती डागडुजी नाही. 1989 साली न्हावाशेवा बंदर सुरू झालं, तेव्हा जगातली सगळ्यात मोठी जहाजंसुद्धा वीस फुटी कंटेनरच्या 5,000 डब्यांच्या आतली होती. आज 24,000 च्या वर नेणारी आहेत. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं, म्हणून धक्क्यासमोरचा तळ खणायचा. पण तळाची तीच माती जुन्या खांबांना धरून असते! ती काढली की खांबाची मोकळी लांबी वाढते, तो लवचिक होतो. म्हणून आधी चिखलातून खाली कातळात रुतवलेले नवे पाइल, म्हणजे खोल खांब, मगच खणणं. हा क्रम कुठे चुकू नये, याचाच विचार रात्री डोक्यात असतो.

खणल्यावर गाळ परत कुठे साचेल, असले प्रश्न खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अभ्यासतात. 1916 पासूनचं आहे ते. आपण पुण्यात असताना धरणावर कणसं खायला त्याच्यावरूनच जायचो.

आई, तू माझ्या नावाची वेगळी पणती लावलीस, ताईनं फोटो पाठवला. होडीतून वर आल्यावर पाहिला. हात सिमेंटनं भरलेले होते, तरी पाहिला.

भाऊबीजेलाही जमणार नाही, अजून ओहोटी खोल आहे. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे ओहोटीलाही पाणी फारसं उतरत नाही, तेव्हा खाली काम होत नाही. सप्तमीच्या रात्री कराडला पोचते. बाबा, गुडघ्याचं औषध चुकवू नका.

तुमची,
मनू