दुपारचं रीडिंग खोडू नको

प्रिय राणू,

काल फोनवर तू म्हटलं का बाबा माझं प्रॅक्टिकल चुकलं, पण मी वावरात होतो अन् रेंज जात होती म्हणून नीट बोलता आलं नाही, आता निवांत लिहितो. हायपोत, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात, ॲसिड टाकलं, गंधकाचा गढूळपणा येऊन बीकरखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी व्हायला सकाळी ६४ सेकंद लागले अन् दुपारी तेच द्रावण, तेवढंच माप, तरी ३४. मैत्रिणी म्हणतात दुपारचं खोडून सकाळच्या जवळपास काहीतरी लिही. तसं करू नको बाई. तुझं काहीच चुकलं नाही, तू फक्त टेंपरेचर लिहिलं नाही.

सध्या थंडी आहे, सकाळी लॅबमध्ये बोटं आखडतात अन् दुपारी खिडकीतून ऊन येते, आठ-दहा अंशाचा फरक सहज पडत असन. बऱ्याच रिॲक्शनचा वेग दहा अंशाला साधारण दुप्पट होते. मी बीएस्सीला होतो तेव्हा मला वाटे का गरम झाल्यावर कण जोरात पळतात म्हणून, पण दहा अंशानं कणांचा सरासरी वेग दीड-दोन टक्केच वाढते, त्यानं दुप्पट कसं होईन? खरी गोष्ट अशी का रिॲक्शन व्हायला कणांना ऊर्जेचा एक धुरा, म्हणजे बांध, ओलांडा लागते, अन् तो ओलांडू शकणारे कण थोडेच असतात, गरमीनं त्या थोड्यांचीच संख्या दुप्पट होते. अऱ्हेनियस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं १८८९ मध्ये हे गणितात बसवलं.

अजून एक. तू म्हणते "वेग ६४ सेकंद आला". तो वेळ आहे, वेग नाही. वेग म्हणजे एका सेकंदात लिटरमागं किती मोल बदललं ते. फुली झाकायला गंधक दोन्ही वेळा तेवढंच लागते, म्हणून एक भागिले वेळ केलं का वेगाची तुलना करता येते. अन् तोही सरासरी वेग, कारण सुरुवातीला माल भरपूर असते तेव्हा रिॲक्शन जोरात चालते, मग माल सरत जाते तशी मंदावते.

हे पहिल्यांदा नीट मोजलं विल्हेल्मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं, १८५० मध्ये. उसाची साखर ॲसिडात हळूहळू फुटत होती, अन् त्या द्रावणातून जाणाऱ्या ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची, ती पातळी किती फिरते ते तो पाहत गेला. रिॲक्शन थांबवली नाही का त्यातलं काही काढून घेतलं नाही, चालू असतानाच मोजली! मला हे अजूनही फार भारी वाटते. त्याला दिसलं का साखर जेवढी उरली, वेग तेवढ्याच प्रमाणात.

अन् दोन वस्तू एकमेकीला भेटल्याच नाही तर रिॲक्शन दिसतच नाही. गेल्या मे महिन्यात संत्र्याच्या खोडाला लावाले आपण बोर्डो, ते बुरशीचं औषध, केलं ते आठव. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. तू घासलेला विळा त्यात बुडवला अन् बघता बघता पात्यावर तांबूस थर चढला, म्हणजे तांबं मोकळं होतं, चुना कमी पडला होता. मग तू तो गंजका विळा बुडवला तर किती वेळ काहीच नाही, अन् तू म्हणाली झालं बाबा, आता बरोबर आहे. बरोबर नव्हतं, गंजाखाली लोखंडाला तांबं भेटतच नव्हतं. त्या दिवशी मी घाईत होतो, समजावून सांगितलं नाही, ते माझ्या मनात राहून गेलं.

आता दोन्ही रीडिंग तशीच ठेव, अन् पुढच्या वेळी दोन्ही द्रावणांचं टेंपरेचर आधी बघून बाजूला लिही. लॅबमध्ये थर्मामीटर मिळत नसन तर मी रविवारी येतो तेव्हा घेऊन येतो, आई तिळाचे लाडू देणारच आहे, त्याच थैलीत ठेवतो.

तुझे बाबा