खिडक्या चार, रांग एक

संपादक महोदय,

परदेशात राहणाऱ्या पुणेकरांच्या बोलण्यात ‘तिकडची रांग’ हमखास येते. पण तिकडेही सगळे एका साच्यातले नाही. स्पेनमध्ये बेकरीत किंवा मंडईत अनेकदा रांग दिसतच नाही. आत शिरताना ‘शेवटचं कोण?’ असे विचारायचे आणि त्या माणसामागे नंबर धरायचा. न विचारता उभा राहणारा मागे पडतो आणि वर स्पॅनिश लोकांना बेशिस्त ठरवतो. जर्मनीत सुपरमार्केटात दुसरा गल्ला उघडला की मागचेच लोक आधी तिकडे पळतात. मध्यभागी ताटकळलेले तिथेच राहतात.

आणि आपल्याला रांग जमत नाही म्हणावे, तर बेस्टच्या थांब्यावर मुकाट रांग लावणारा मुंबईकरच लोकलच्या दाराशी मुसंडी मारतो. माणूस तोच. लोकल काही सेकंदच थांबते, एवढाच फरक. पुण्यात बस थांब्याच्या वीस फूट पुढे जाऊन उभी राहिली, की रांगेतला पहिला शेवटचा होतो. मग रांग कोण लावेल?

आपल्याकडे कार्यालयांत आणि बँकांत चार खिडक्यांना चार रांगा असतात. एकाचा अर्ज अडला की त्याच्यामागचे सगळे अडकतात, शेजारची रांग सरकते आणि लोक उड्या मारू लागतात. चारही खिडक्यांना मिळून एकच रांग ठेवली, तर एका अडलेल्या कामाने एकच खिडकी अडते, बाकी तीन चालू राहतात. कोणी थांबलेले असताना खिडकी रिकामी राहत नाही, म्हणून सरासरी वेळही कमी लागतो. या गणिताची सुरुवात एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने १९०९ मध्ये केली, तीही कोपनहेगनच्या टेलिफोनसाठी. खर्च दोरीचा आणि जमिनीवरच्या पट्टीचा. पट्टी खिडकीपासून चार-पाच फूट मागे हवी. ती खिडकीला चिकटली की मागचा माणूस पुढच्याच्या खांद्यावरून कागद सरकवतो.

‘फक्त एकच विचारायचंय’वाल्यांसाठी चौकशीचे टेबल रांगेच्या तोंडाशी ठेवावे आणि अर्ज तिथेच तपासावा. झेरॉक्स राहिली हे खिडकीवर पोहोचल्यावर कळून काय उपयोग? ज्येष्ठांना वेगळ्या रांगेपेक्षा खुर्ची आणि टोकन द्यावे. पुण्यात सकाळी अकराला ज्येष्ठांचीच रांग सर्वांत लांब असते!

टोकनमध्येही एक खोच आहे. वेगवेगळ्या कामांचे आकडे एकाच फलकावर आले, की सत्तेचाळीसनंतर एकदम बारा पुकारला जातो आणि भांडण पेटते. कामागणिक अ, ब, क अशी अक्षरे जोडावीत आणि कोणते अक्षर कशासाठी, हे फलकाखाली लिहावे. दार उघडण्याआधी लोक आपापसांत कागदावर नावे लिहितात, तो कागदही रखवालदाराने फेकू नये. त्याच क्रमाने टोकन द्यावीत.

– एक वाचक, पुणे